स्लीव्ह की बायपास?

रात्री वन्संचा फोन: “वहिनी, वजन कमी करायच्या ऑपरेशनमध्ये स्लीव्ह करू की बायपास?”

माझी स्लीव्ह झालीय. जठराचा सुमारे ८० टक्के भाग कापून काढतात, तो परत जोडता येत नाही. सुरुवातीला नुसतं पातळ. चहाच्या चमच्याने वाटीभर वरणाचं पाणी संपवायला अर्धा तास लागायचा. बायपासमध्ये आतड्याचीही जोडणी बदलतात, म्हणून खर्च सहसा जास्त, शिवाय गोड खाल्लं की घाम, धडधड होऊ शकते. बी-१२, लोहाच्या गोळ्या त्यात जन्मभर. (मलाही कुठे सुटल्यात!) पण स्लीव्हनंतर माझी जळजळ वाढली, दोन उशा घेऊन झोपते.

वन्संना आधीच आम्लपित्त, त्यात मधुमेह. त्यांना बायपासच बरी. सांधेदुखीच्या गोळ्यांवाचून ज्यांचं चालत नाही, त्यांनी मात्र स्लीव्हचं विचारावं. बायपासनंतर त्या गोळ्यांनी पोटात व्रण होऊ शकतात.