नाताळची सहल: न्युरेंबर्ग की स्ट्रासबुर्ग?

नाताळच्या बाजारासाठी एकच शहर निवडायचे झाल्यास, खाण्याच्या बाबतीत माझा कौल जर्मनीतील न्युरेंबर्गला आहे. लाल-पांढऱ्या कापडी छतांच्या दुकानांतून फिरताना पावात घातलेली बोटाएवढी तीन सॉसेज हातात असावीत आणि घरी नेण्यासाठी एलिझेन-लेबकुखेन घ्यावेत. मसाल्यांच्या या केकमध्ये बदाम-अक्रोडांसारखा सुकामेवा किमान २५ टक्के, तर पीठ जास्तीत जास्त १० टक्के असते. पाहण्यासाठी मात्र १५७० पासूनची बाजारपरंपरा सांगणारे फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग सरस ठरते: लाकडी चौकटींची जुनी घरे, क्लेबर चौकातील उंच ख्रिसमस वृक्ष आणि गुलाबी वालुकाश्माचे कॅथेड्रल. तेथील ब्रेडेले बिस्किटे चविष्ट असली, तरी एवढ्या गर्दीत ती निवांत खाणे अवघडच. गरम मसालेदार वाइन दोन्हीकडे मिळते. न्युरेंबर्गचा बाजार २४ डिसेंबरलाच आटोपतो, त्यामुळे प्रत्यक्ष नाताळच्या दिवशी पोहोचणाऱ्यांना तेथे रिकामा चौकच दिसेल.