देवगडात बसून युरोपातले ईटीएफ: काही महिन्यांचा अनुभव

गेल्या हंगामाचे आंब्याचे पैसे हातात आले तेव्हापासून मी इंटरॅक्टिव्ह ब्रोकर्स या अमेरिकन ब्रोकरच्या खात्यातून लंडन स्टॉक एक्स्चेंजवरचे ईटीएफ, म्हणजे शेअरसारखे बाजारात घेता-विकता येणारे फंड, घेतोय. आता बरेच महिने झालेत म्हणून सविस्तर लिहितो, कारण मी शोधत होतो तेव्हा मराठीत फारसं काही मिळालं नाही.

सगळे विचारतात की सरळ अमेरिकेचाच ईटीएफ का नाही घेतला. बाबांनी तर पहिल्याच दिवशी विचारलं, "आपले पैसे थंय कित्याक? उद्या तुका काय झाला तर?" आणि प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. अमेरिकेत नोंदलेले फंड किंवा शेअर आपल्या नावावर असताना माणूस गेला, आणि तिथली मालमत्ता ६०,००० डॉलरच्या वर असली, की तिथला इस्टेट टॅक्स लागतो, तो ४० टक्क्यांपर्यंत जातो, आपण आयुष्यभर देवगडात राहिलो असलो तरी. मी लंडनला घेतो ते फंड आयर्लंडमध्ये नोंदलेले आहेत, युसिट्स म्हणजे युरोपच्या नियमांनी चालणारे, आणि अशा फंडाला तो लागत नाही, आत सगळे अमेरिकन शेअर असले तरी. डिव्हिडंडचंही तसंच, अमेरिकन फंड थेट घेतला तर आपले २५ टक्के कापतात, आयर्लंडच्या फंडाचे १५. मी अ‍ॅक्युम्युलेटिंग प्रकार घेतो, त्यात डिव्हिडंड हातात न येता फंडातच परत गुंततो, त्यामुळे दरवर्षी त्याचा हिशोब करत बसावं लागत नाही. आपल्याकडचे परदेशी ईटीएफ पण बघितले होते, पण परदेशी गुंतवणुकीच्या मर्यादेमुळे ते बऱ्याचदा मूळ किमतीपेक्षा महाग मिळतात, ते मला पटेना.

माझ्याकडे दोनच आहेत, सीएसपीएक्स आणि व्हीडब्ल्यूआरए, पहिला एस अँड पी ५००, म्हणजे अमेरिकेतल्या पाचशे मोठ्या कंपन्या, दुसरा अख्खं जग. शोधताना एक बघा, एकच फंड तीन-चार नावांनी दिसतो, सीएसपीएक्स डॉलरमध्ये, तोच सीएसपी१ नावाने पौंडाच्या चलनात आणि जर्मनीच्या झेट्रावर एसएक्सआर८ नावाने युरोत. आपण डॉलर पाठवलेत तर डॉलरचीच ओळ निवडायची, नाहीतर चलन बदलण्याचा खर्च फुकटचा डोक्यावर येतो. सीएसपीएक्सचं एक युनिट मी घेतलं तेव्हा ६०० डॉलरच्या वर होतं, त्यामुळे थोडे पैसे असतील तर व्हीडब्ल्यूआरए सोयीचा.

आता मुख्य गोष्ट, पैसे पाठवणं. खरेदी दोन मिनिटांची आहे, सगळा खर्च आणि सगळा मनस्ताप इथे आहे. आमच्या गावातल्या शाखेत डॉलरचं कामच होत नाही, परदेशी पैसे पाठवायचा ए-२ फॉर्म भरून दिला की कागद कोल्हापूरला जातात, मग फोन येतो की पर्पज कोड काय, म्हणजे पैसे कशासाठी पाठवताय त्याचा कोड. शेअरसाठी एस०००१, मी फॉर्मवर मोठ्या अक्षरात लिहिलेला होता. काउंटरवरची मुलगी बिचारी म्हणाली, "काका, हे असं बाहेर पाठवायला परवानगी आहे ना?" तिला एलआरएस, म्हणजे रिझर्व्ह बँकेची बाहेर पैसे पाठवायची योजना, समजावून सांगितली, वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत आपण पाठवू शकतो. शेवटी नेटबँकिंगवरून पाठवता येतं अशा दुसऱ्या बँकेत खातं काढलं, आता घरातूनच होतं.

पण भाव बघा हो. लोक फंडाचा ०.०७ टक्के खर्च स्वस्त की महाग यावर वाद घालतात, आणि बँक डॉलरमागे रुपया जास्त लावते तिकडे कोण बघत नाही. डॉलर ८५ धरला तर एक रुपया म्हणजे १.१८ टक्के, म्हणजे सीएसपीएक्सचा जवळपास सतरा वर्षांचा खर्च एका फटक्यात गेला! वर ठरलेली फी, जीएसटी, आणि मधल्या बँकेने कापलेले डॉलर वेगळे. म्हणून दर महिन्याला एसआयपीसारखे थोडे थोडे पाठवणं इथे परवडत नाही, मी आंब्याचे पैसे आले की एकदा आणि गणपती झाल्यावर एकदा असं पाठवतो. वर्षात १० लाखांच्या वर गेलात तर वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे बँक आधीच घेते तो कर, कापतात, तो रिटर्नमध्ये मिळतो पण तोवर पैसे अडकतात. आणि पाठवलेले डॉलर नुसते पडून ठेवायचे नाहीत, १८० दिवसांत गुंतवले नाहीत तर परत आणावे लागतात.

वेळ मात्र आपल्या सोयीची आहे. लंडन उन्हाळ्यात साडेबाराला उघडतं, थंडीत दीडला, पण मी दुपारी घेत नाही. अमेरिका उघडली, म्हणजे उन्हाळ्यात सात, थंडीत आठनंतर, की खरेदी-विक्रीच्या भावातलं अंतर कमी होतं. लिमिट ऑर्डरच टाकायची, म्हणजे आपण ठरवलेल्या भावापेक्षा महाग घेतलं जात नाही. पावसात आमच्याकडे लाईट गेली की रेंजही जाते, पण ऑर्डर तिकडे लागलेली असते, काही बिघडत नाही.

टॅक्सचं काम कंटाळवाणं आहे पण टाळू नका. रिटर्नचा आयटीआर-२ फॉर्म लागतो, त्यात शेड्युल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचा तक्ता, आणि तो जानेवारी ते डिसेंबरचा असतो, एप्रिल-मार्चचा नाही. परदेशी मालमत्ता २० लाखांच्या वर असून दाखवली नाही तर १० लाखांचा दंड आहे. २४ महिन्यांनंतर विकलं तर नफ्यावर १२.५ टक्के, त्याआधी आपल्या स्लॅबप्रमाणे. मी जानेवारीतच वर्षाचं स्टेटमेंट डाउनलोड करतो, एक प्रिंट सीएला देतो आणि एक बायकोकडे, खाते क्रमांक आणि कुणाला मेल करायचा ते त्यावर लिहून.