यूजीसीची विद्यार्थी तक्रार व्यवस्था: मुदती चोख, सुरुवात मात्र सैल

रेटिंग: ५ पैकी ३.५

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, एप्रिल २०२३ च्या नियमावलीने विद्यार्थ्यांच्या तक्रारीला पायऱ्या आखून दिल्या. महाविद्यालयाच्या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज टाकला की १५ दिवसांत तो विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे गेला पाहिजे. समितीने १५ कामकाजी दिवसांत अहवाल द्यायचा. निर्णय पटला नाही, तर तो हाती आल्यापासून १५ दिवसांत लोकपालांकडे (विद्यापीठाने अशा अपिलांसाठी नेमलेली व्यक्ती) अपील करायचं. तिथे अपील निकाली काढायला ३० दिवसांची मुदत आहे.

समितीत अध्यक्षांसह पाच जण असतात, सगळे त्याच संस्थेतले प्राध्यापक. विद्यार्थी प्रतिनिधी असतो, पण फक्त विशेष निमंत्रित म्हणून. गणपूर्तीत, म्हणजे बैठकीला लागणाऱ्या किमान सदस्यसंख्येत, तो धरला जात नाही. आमच्या मते ही या व्यवस्थेतली सर्वात मोठी उणीव आहे. लोकपाल मात्र निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश असतात, त्यामुळे खरा आधार तिथेच मिळतो.

अडवून ठेवलेली मूळ प्रमाणपत्रं आणि न परतवलेली फी यांसाठी हा मार्ग उत्तम. फेरमूल्यांकनासाठी नाही: निकालावर परिणाम करणारी ठोस अनियमितता किंवा भेदभाव दाखवता आला, तरच लोकपाल ते प्रकरण घेतात. नुसतं ‘गुण कमी पडले’ लिहिलेला अर्ज इथेच अडतो.

तोंडी तक्रारीवर विसंबू नका. तारखा, पावत्या, ईमेल जोडा आणि पोर्टलवरच्या नोंदीचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी घ्या, कारण मुदत तिथूनच मोजली जाते. सुनावणीला स्वतःऐवजी प्रतिनिधीही पाठवता येतो, हे फार थोड्या मुलांना ठाऊक असतं.