नवी फर्नेस, जुने धुरांडे : सात महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या घरी गॅसवर चालणारी, घर गरम ठेवणारी नवी फर्नेस बसवून सात महिने झाले. एक पूर्ण हिवाळा तिने काढला, त्यामुळे आता तिच्याविषयी काही ठामपणे लिहिता येईल असे वाटते. यंत्र कोणत्या कंपनीचे आहे हे मुद्दामच लिहीत नाही, कारण या काळात ज्या तीन तक्रारी निघाल्या त्यांपैकी एकही यंत्राच्या आतली नव्हती. दोन बसवणीच्या होत्या, एक माझ्याच हातची होती, आणि त्यांतली सर्वांत गंभीर तक्रार तर फर्नेसचीही नव्हती. ती तिच्या शेजारी उभ्या असलेल्या, त्या दिवशी कोणी हातही न लावलेल्या पाणी तापवण्याच्या टाकीची होती.

जुनी फर्नेस साधारण ८० टक्के कार्यक्षमतेची होती, म्हणजे जाळलेल्या गॅसच्या उष्णतेचा पाचवा हिस्सा धुरांड्यातून वर निघून जात असे. नवी ९६ टक्क्यांची आहे. हा फरक पडतो तो मुख्यतः तिच्यातल्या दुसऱ्या हीट एक्स्चेंजरमुळे (गरम वायूंची उष्णता घरातल्या हवेला देणारा पत्र्याचा भाग). ज्वलनातून निघालेले वायू त्यातून जाताना इतके निवतात की त्यांतल्या वाफेचे पाणी होते आणि वाफेत दडलेली उष्णताही घराच्या कामी येते. उरलेला धूर मग प्लास्टिकच्या पाइपातून थेट भिंतीबाहेर सोडता येतो. दुसऱ्या पाइपातून ज्वलनासाठी लागणारी हवा बाहेरून आत येते, त्यामुळे खोलीतली हवा जळत नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने ही मोठी सुधारणा आहे आणि तिच्यासाठीच मी हा प्रकार निवडला. मात्र त्याबरोबर विटांच्या जुन्या धुरांड्याशी फर्नेसचा संबंध संपतो, हे मी माहितीपत्रकात वाचले होते आणि त्यापुढे काडीचाही विचार केला नव्हता.

क्षमतेविषयी थोडक्यात सांगतो. पाहणीला आलेल्या पहिल्या तंत्रज्ञाने जुन्या यंत्रावरची पट्टी वाचली, १,००,००० बीटीयू (ताशी उष्णतेचे माप) हा आकडा टिपला आणि तेवढीच नवी फर्नेस सुचवली. दुसऱ्याने खिडक्या मोजल्या, माळ्यावरचे उष्णतारोधक अस्तर किती जाड आहे ते पाहिले, डक्टचे, म्हणजे घरभर हवा नेणाऱ्या नळांचे, माप घेतले आणि हिशेब करून ६०,००० पुरेत असे सांगितले. गरजेपेक्षा मोठी फर्नेस घर झटपट तापवून बंद पडते, पुन्हा सुरू होते, पुन्हा बंद पडते, आणि या सततच्या तापण्या-निवण्याने हीट एक्स्चेंजरचा पत्रा लवकर थकतो. आम्ही दुसऱ्याचे ऐकले. हिवाळ्यातल्या सर्वांत थंड रात्री फर्नेस तासातली चाळीस-पंचेचाळीस मिनिटे चालू होती, तेव्हा आधी छातीत धस्स झाले. पण घरातले तापमान अर्ध्या अंशानेही उतरले नाही, आणि बेताच्या क्षमतेचे यंत्र असेच चालायला हवे.

गॅसचे काम परवानाधारक माणसानेच करायचे, याबद्दल माझ्या मनात कधीच शंका नव्हती. मी फक्त शेजारी उभा राहून पाहत होतो, आणि ते मी कोणालाही सुचवीन. गॅसच्या पाइपाला फर्नेसच्या अलीकडे सहज हाताला येईल असा बंद करण्याचा व्हॉल्व्ह बसवला. त्यानंतर एक छोटा पाइप खाली सोडून त्याचे टोक बंद केले, म्हणजे पाइपातला कचरा आणि ओल गॅस व्हॉल्व्हमध्ये न जाता त्या टोकाशी साचते. फर्नेसच्या पत्र्याच्या आवरणातून आत जाणारा भाग कडक लोखंडी पाइपाचा ठेवला. लवचीक नळी पत्र्याच्या भोकातून नेली तर यंत्राच्या थरथरीने कडेला घासून कापली जाऊ शकते. मग सर्व सांध्यांवर गळती तपासण्याचे फेसाळ द्रावण ब्रशने लावले. युनियनच्या, म्हणजे सोडवता येणाऱ्या जोडाच्या, सांध्यावर खालच्या अंगाला मोहरीएवढा एक बुडबुडा आला, फुटला, आणि तिथेच दुसरा आला. गॅसचा वास कोणालाही येत नव्हता. सांधा सोडवून, पुसून, पुन्हा आवळून परत द्रावण लावले आणि या वेळी आम्ही दोघे घड्याळाकडे बघत पाच मिनिटे थांबलो.

त्यानंतर तंत्रज्ञाने मॅनोमीटर जोडून बर्नरकडे जाणाऱ्या गॅसचा दाब मोजला. नैसर्गिक वायूसाठी तो साधारणपणे पाण्याच्या स्तंभाचे ३.५ इंच असतो, आणि एलपीजीसाठी जवळपास १० इंच. एलपीजी वापरणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावे, कारण कारखान्यातून यंत्र बहुधा नैसर्गिक वायूसाठी लावलेले येते, आणि जेट व स्प्रिंग न बदलता त्याला एलपीजी दिला तर ज्योत बेसुमार मोठी होऊन काजळी आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. शिवाय एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाली तर तो तळघरात जमिनीलगत साचून राहतो. शेवटी घरातली गॅसची बाकी सर्व उपकरणे बंद करून मीटरचा काटा एक फेरा किती सेकंदांत घेतो ते मोजले आणि फर्नेस खरोखर ६०,००० बीटीयूच्या हिशेबाने गॅस घेते आहे याची खात्री केली. इतके नीटनेटके काम मी क्वचितच पाहिले आहे, आणि म्हणूनच पुढचा प्रकार मला जास्त खटकला.

जुनी फर्नेस आणि पाण्याची टाकी या दोघींचा धूर एकाच धुरांड्यातून जात असे. फर्नेस निघाल्यावर तिच्या पाइपाचे भोक पत्र्याने बंद केले गेले आणि काम संपले. प्रत्यक्षात ते रुंद धुरांडे इतकी वर्षे फर्नेसच्या गरम धुराने ऊबदार राहत होते आणि त्या उबेवर टाकीचा जेमतेम धूरही वर ओढला जात होता. आता टाकी एकटी उरली. तिचा धूर त्या थंडगार, ऐसपैस पोकळीत शिरला की निवतो आणि जड होतो. कधी विटांवर त्याचे पाणी होते, तर कधी तो उलट खोलीत उतरतो. या धंद्यातले लोक अशा टाकीला ‘अनाथ’ म्हणतात, हे मला नंतर कळले. धोक्याला स्वतःचे नाव असावे इतका तो नेहमीचा आहे, आणि तरीही तो आमच्याकडे आलेल्या जाणत्या माणसाच्या नजरेतून सुटला.

मला तो कळला तो निव्वळ योगायोगाने. बसवणीनंतर तिसऱ्या आठवड्यात, स्वयंपाकघरातला धूर बाहेर फेकणारा पंखा आणि कपडे वाळवण्याचे यंत्र दोन्ही चालू असताना, मी तळघरात काही शोधायला उतरलो. टाकीचा बर्नर पेटलेला होता आणि तिच्या माथ्यावरच्या हुडाजवळून (धूर वर नेणाऱ्या टोपीजवळून) जाताना गालाला दमट, कोंदट ऊब लागली. काडी पेटवून विझवली आणि तिचा धूर हुडाच्या कडेशी धरला. तो आत ओढला जायला हवा होता. तो माझ्याच दिशेने वळला. खिशातल्या आरशावर दोन-तीन सेकंदांत वाफ धरली. टाकी बंद केली, खिडक्या उघडल्या, घरातल्या सर्वांना बाहेर काढले आणि तंत्रज्ञाला बोलावले.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तेव्हा वाजलेला नव्हता. म्हणून अलार्म निरुपयोगी ठरत नाही, पण त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ काय हे समजून घ्यायला हवे. यूएल २०३४ या अमेरिकी मानकानुसार बनवलेला अलार्म ७० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग) इतक्या प्रमाणाला एक ते चार तासांच्या दरम्यान वाजतो, ४०० पीपीएमला मात्र ४ ते १५ मिनिटांत. त्याहून कमी प्रमाणात तो दीर्घकाळ मौन पाळू शकतो. हा वायू रंगहीन आणि गंधहीन असतो. घरगुती गॅसला येणारा वास मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा असतो आणि ते ज्योतीत जळून जाते, त्यामुळे गळती ओळखायला नाक कामी येते, बिघडलेले ज्वलन ओळखायला येत नाही. आता आमच्याकडे प्रत्येक मजल्यावर आणि झोपण्याच्या खोल्यांबाहेर अलार्म आहेत, आणि त्यांतला एक कमी प्रमाणही आकड्यात दाखवणारा आहे. त्यांच्या संवेदकाचे आयुष्य ठरावीक वर्षांचे असते, म्हणून मागच्या बाजूला छापलेली बदलण्याची तारीख जरूर पाहावी.

दुरुस्ती दोन भागांत झाली. धुरांड्यात वरून खालपर्यंत टाकीच्या क्षमतेला साजेशा व्यासाची धातूची नळी सोडली, म्हणजे टाकीचा थोडका धूरही त्या नळीला पटकन तापवतो आणि ओढ टिकते. दुसरा भाग मला अनपेक्षित होता. फर्नेसकडे हवा परत आणणाऱ्या डक्टच्या सांध्यांत फटी होत्या आणि ब्लोअर, म्हणजे घरभर हवा ढकलणारा फर्नेसचा पंखा, त्या फटींतून तळघरातली हवा खेचत होता, त्यामुळे तळघरातला दाब उतरून टाकीचा धूर खाली ओढला जायला मदतच होत होती. सर्व सांधे डक्टच्या लेपाने बंद केले. त्यानंतर घरातले सगळे पंखे, कपडे वाळवण्याचे यंत्र आणि फर्नेसचा ब्लोअर एकाच वेळी चालू ठेवून, टाकी पेटल्यावर पाच मिनिटांनी, पुन्हा काडीचा धूर धरला. तो सरळ आत गेला. ही चाचणी बसवणीच्याच दिवशी व्हायला हवी होती.

दुसरी तक्रार ऐन थंडीत निघाली. एका पहाटे घर गार पडलेले होते आणि फर्नेसच्या छोट्या काचेतून लाल दिवा तीनदा लुकलुकून थांबताना दिसला. झाकणाच्या आत चिकटवलेल्या तक्त्याप्रमाणे माझ्या यंत्रात त्याचा अर्थ प्रेशर स्विच जुळत नाही असा होता. हे यंत्र ठरलेल्या क्रमाने चालते: आधी धूर ओढणारा छोटा पंखा सुरू होतो, वाट मोकळी असल्याचे प्रेशर स्विच सांगतो, मग इग्नायटर (ज्योत पेटवणारा भाग) लाल होतो, गॅस सुटतो, ज्योत लागल्याचे संवेदकाला कळते आणि त्यानंतर काही वेळाने मोठा ब्लोअर फिरू लागतो. यांतली एक पायरी चुकली तरी गॅस बंद. आमच्या बाबतीत बाहेर जाणारा आडवा पाइप दोन आधारांच्या मध्ये झोल खाऊन बसला होता आणि त्या झोलात पाणी साचले होते. पंखा फिरताना गुळण्या केल्यासारखा आवाज गेले चार दिवस येत होता, तो मी सवयीचा समजून सोडून दिला होता. या पाइपाला मीटरमागे सुमारे २ सेंटिमीटर उतार फर्नेसच्या दिशेने असावा लागतो, म्हणजे पाणी परत येऊन निचऱ्याच्या नळीत जाते. दोन आधार वाढवल्यावर प्रश्न सुटला. त्या पहाटे एका नातलगांनी फोनवर स्विचच्या दोन तारा एकमेकींना जोडून टाकण्याचा सल्ला दिला होता. फर्नेस कदाचित चालूही झाली असती, आणि धुराची वाट बंद असताना जळत राहिली असती.

त्या निचऱ्याच्या पाण्याविषयीही सांगायला हवे. कडाक्याच्या एका दिवशी मी ते बादलीत धरून मोजले तर १८ लीटर भरले. ते आम्लधर्मी असते, म्हणून ते चुनखडीचे खडे भरलेल्या नळकांड्यातून जाऊन मग मोरीत पडते. खडे झिजले की नवे भरावे लागतात. बाहेरच्या भिंतीवरची दोन्ही तोंडे बर्फ साचू शकेल त्या पातळीपासून ३० सेंटिमीटर वर आहेत, तरी मोठ्या हिमवर्षावानंतर मी एकदा जाऊन पाहतो. धुराच्या तोंडातून ठिबकणारे पाणी खाली पायवाटेवर गोठते, ही कटकट मात्र अजून सुटलेली नाही. जागा ठरवताना पायवाटेचा विचार माझ्याही डोक्यात आला नाही.

तिसरी तक्रार किरकोळ आहे. फर्नेसमध्ये शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेच्या तापमानात २२ ते ३९ अंश सेल्सियसचा फरक असावा असे तिच्या पट्टीवर छापले आहे. मी मोजला तेव्हा तो ४३ निघाला. मी हौसेने आणलेला फार दाट फिल्टर आणि परतीच्या जाळीसमोर सरकवलेले कपाट ही त्याची कारणे होती. दोन्ही बदलल्यावर फरक ३३ वर आला.

यंत्र म्हणून फर्नेसला माझा कौल चांगला आहे. ती जुन्यापेक्षा खूपच शांत चालते आणि ज्योत स्थिर, निळी आहे. ८० वरून ९६ टक्क्यांवर गेल्यास त्याच उष्णतेसाठी साधारण सहाव्या हिश्श्याने गॅस कमी लागायला हवा, आणि मीटरच्या नोंदी त्याच्या आसपास आहेत, जरी दोन हिवाळे कधी सारखे नसतात हे धरून चालावे लागते. गॅसचा दाब, तापमानातला फरक, मीटरचा वेग आणि धुराच्या ओढीची चाचणी यांचे आकडे व तारखा लिहिलेला कागद आता फर्नेसच्या अंगावर चिकटवला आहे. बसवणीच्या दिवसाच्या रकान्यात शेवटची ओळ रिकामी आहे. पुढच्या थंडीआधी तपासणीला जो कोणी येईल, त्याच्या हातात मी आधी आरसा देणार आहे आणि त्याला टाकीपाशी नेणार आहे.