देशी झाडांची रोपवाटिका, निफाड रोड – दीड वर्षानंतरचा अनुभव (४/५)

निफाडकडे आमची चार एकर द्राक्षबाग आहे. ओढ्याकडचा अर्धा एकर नुसता खडक, काही पिकत नाही, म्हणून दरवर्षी दिवाळी झाली की तो तुकडा आणि बांध पेटवून साफ करायचा हे ठरलेलंच. मागच्या जूनमध्ये बांधाला जिवंत कुंपण करायचं म्हणून या रोपवाटिकेत गेलो आणि निर्गुडी, करवंद, बोर, भोकर, हिवर अशी दोनशे रोपं घेतली.

रोपं चांगली निघाली, मुळं पिशवीत गुंडाळलेली नव्हती, दीडशेच्या वर जगलीत. पण खरं सांगायचं तर पैसे वसूल झाले ते तिथल्या दादांच्या सल्ल्याने. ते स्वतः शेतावर आले, बांध फिरून बघितला आणि म्हणाले, रोपं लावा पण होळीपर्यंत वाळलेलं गवत जाळू नका, कापूही नका, थंडीत सगळ्यांचा आसरा तोच असतो. गवताचं बी मुनिया खातात, लावे त्यातच दडतात आणि वाळक्या काड्यांवर खंडोबाच्या किड्याची (प्रार्थना कीटकाची) अंडी चिकटलेली असतात, ती जाळली की आपल्याच बागेतला किडी खाणारा गडी आपण मारला.

वडिलांना हे पटवायला वेळ लागला. आमच्याकडे थंडी कशी पडते ते माहितीये, पारा चार-पाचवर आला की बागेत रात्रभर शेकोट्या पेटवाव्या लागतात आणि त्यांना ओढ्याकडचा काट्याकुट्यांचा ढीग म्हणजे आयतं सरपण वाटायचं. मी शेकोटीसाठी छाटणीच्या काड्या वेगळ्या रचून ठेवल्या, तेव्हा तो ढीग वाचला. या डिसेंबरमध्ये त्याच ढिगातून मुंगसाची जोडी बाहेर येताना वडिलांनीच पहिल्यांदा बघितली आणि मला हाक मारून दाखवली!! गप्पीदास आणि थिरथिरा हे छोटे पक्षी तर रोज सकाळी असतात, हे पाहुणे थंडीपुरतेच येतात. नांदूर मध्यमेश्वर जवळच आहे, राज्यातलं पहिलं रामसर ठिकाण (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), तिथं पाण्यावर बदकं बघायला गर्दी होते, पण या छोट्या पक्ष्यांना झुडूप आणि वाळलं गवतच लागतं आणि ते आपल्याच शेतात असू शकतं.

आता एक स्टार का कापला ते. हिवर म्हणून दिलेल्या रोपांतली पंधरा-वीस गिरिपुष्प निघाली, फोन केल्यावर बदलून दिली पण तोवर पाऊस संपला होता. दुसरं म्हणजे पाण्यासाठी जी सिमेंटची कुंडी त्यांनी दिली ती खोल आणि आतून गुळगुळीत आहे, पहिल्याच आठवड्यात त्यात खार बुडून मेली, फार वाईट वाटलं. आता आत दगडांचा उतार केलाय. शेततळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदावरही हेच होतं, ससा नाहीतर मांजर आत पडलं की पाय घसरतात आणि वर येता येत नाही, म्हणून आम्ही तळ्यात चारही बाजूंनी गाठी मारलेले जाड दोर सोडलेत. कुंडी विकताना त्यांनी हे सांगायलाच हवं होतं.

जाणार असाल तर मे संपायच्या आत ऑर्डर द्या, जूनमध्ये बोर आणि करवंद संपलेलं असतं. निर्गुडीच्या काड्या मागितल्या तर फुकट देतात.