बुधवारच्या बाजारातली गावरान अंडी: पाच महिन्यांचा अनुभव

नाशिकला गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीच्या घाटावरच्या, बुधवारच्या बाजारात भाजीवाल्यांच्या रांगेच्या टोकाला त्र्यंबककडच्या एका पाड्यावरून येणारी मावशी बसते. समोर थोडी नागली, वाल आणि पाटीत साळीच्या तुसात ठेवलेली अंडी. ऑगस्टपासून मी तिच्याकडूनच घेते. १५ रुपयांना एक. पोल्ट्रीचं अंडं याच्या निम्म्या भावात मिळतं, तरीही मी हेच का घेते ते सांगते.

आधी मी चांगली फसले होते. एका दुकानातून वर्षभर ‘गावरान’ म्हणून तपकिरी अंडी आणली. सगळी एका मापाची, एका रंगाची आणि कधीही जा, दोन डझन तयार. एके दिवशी उकडायला ठेवली तर पाणी चहासारखं झालं आणि कवच पांढरं पडलं. आजारातून उठलेल्या सासऱ्यांसाठी आणत होते मी ती. फार संताप आला.

खरं तर हिशेब सोपा आहे. माझ्या आईकडे कळवणला कोंबड्या होत्या, त्यामुळे पाहिलेलं आहे. गावरान कोंबडी १२-१५ अंडी घालते आणि खुडूक बसते. मग २१ दिवस उबवण, पुढे पिल्लांना घेऊन फिरणं. तेवढे दिवस अंडं नाही. वर्षाला ६०-७० अंडी मिळाली तरी पुष्कळ. पोल्ट्रीतली लेयर, म्हणजे खास अंड्यांसाठी पाळलेली कोंबडी, ३०० च्या पुढे जाते. म्हणजे दहा कोंबड्यांच्या घरात आठवड्याला जेमतेम डझनभर अंडी, त्यातली काही उबवायला, काही लेकरांना. दुकानात रोज ट्रे भरून येतील कुठून?

मावशीची एक डझन अंडी मी वजनकाट्यावर ठेवली. सर्वांत लहान ३४ ग्रॅम, मोठं ४६. एक जवळजवळ पांढरं, काही दुधाळ, दोन फिकट तपकिरी. ते लहानातलं बहुतेक नव्याने अंड्यावर आलेल्या तलंगेचं, म्हणजे तरुण कोंबडीचं. ताटलीत फोडलं तर पांढरा भाग पसरला नाही, बलकाभोवती घट्ट उभा राहिला. अंड्याच्या मानाने बलक मोठा आणि गडद केशरी. पण नुसत्या बलकाच्या रंगावर जाऊ नका. तो खाण्यातून येतो, मका आणि हिरवा पाला भरपूर मिळाला की गडद होतो, आणि पोल्ट्रीच्या खाद्यातूनही आणता येतो. हाफ फ्राय केल्यावर चवीतला फरक मात्र घरात सगळ्यांनाच कळला.

एक तक्रार आहे. ऑक्टोबरात एक अंडं जुनं निघालं, फोडताच बलक फुटून पाण्यासारखा पसरला. पुढच्या बुधवारी सांगितलं तर मावशी म्हणाली, “गवताच्या उडवीमागं घातलं होतं, ताई. मला उशिरा गवसलं.” आणि न मागता दोन अंडी जास्त दिली. मोकळ्या कोंबड्या मनाला येईल तिथे घालतात, हे होणारच. घरी आणल्यावर पाण्यात सोडून बघा. तळाशी आडवं पडलं तर ताजं, तरंगलं तर वापरू नका.

दिवाळीनंतर दिवस लहान झाले तशी अंडी कमी झाली. पोल्ट्रीत दिवे लावून उजेड वाढवतात, पाड्यावर कोण लावणार? मागच्या बुधवारी तिच्याकडे सहाच होती. “दोन खुडूक बसल्यात. घरची अंडी त्यांच्याखाली ठेवली,” म्हणाली. शेजारच्या पाटीतली आणून ती माझ्या गळ्यात मारली नाहीत तिने. माझा विश्वास तिथेच बसला.

नऊच्या आत जा, नंतर मिळत नाहीत. डब्यात थोडा कोंडा घेऊन जा. ती कागदात बांधून देते आणि रिक्षातून पंचवटीत पोचेपर्यंत एखादं तडकतं.