मेणबत्ती-साबणाच्या छोट्या व्यवसायासाठी ट्रेड खातं: कुणाकडे उघडावं?

ट्रेड खातं, म्हणजे पुरवठादाराकडे व्यवसायाच्या नावाने उघडलेलं खातं, म्हटलं की सवलत आणि उधारी एवढंच डोळ्यांसमोर येतं. घरगुती प्रमाणावर मेणबत्त्या किंवा साबण बनवणाऱ्याला त्याचा मोठा फायदा वेगळाच आहे. तोच माल पुन्हा मिळतो, आणि मिळणार नसेल तर ते वेळेत कळतं. खातं जोखायचं ते यावर.

किरकोळ दुकानांचं ‘व्यावसायिक खातं’ पाच मिनिटांत उघडतं. बहुतेकदा ते नुसतं सवलतीचं कूपन असतं. बिलावर मेणाचा लॉट नंबरही, म्हणजे ते कारखान्याच्या कोणत्या घाण्यातलं आहे याचा क्रमांकही, नसतो. नमुने करून बघण्यापुरतं ठीक. थेट कारखान्याचा दर सर्वांत कमी, पण किमान ऑर्डर पॅलेटच्या, म्हणजे चौकटीवर रचलेल्या मालाच्या अख्ख्या थप्पीच्या, हिशोबात असते आणि गाडीवाला पॅलेट दाराशी ठेवून निघून जातो. उतरवायला माणसं आणि ठेवायला कोरडी जागा नसेल तर तो स्वस्त दर महागात पडतो. छोट्या व्यवसायाला सोयीचा म्हणजे मधला घाऊक व्यापारी, जो 25 किलोचं एकेक पोतं सुटं देतो आणि लॉट नंबर बिलावर छापतो.

अर्जात व्यवसायाचं नाव, कर नोंदणी, बँकेचा तपशील आणि आधीच्या दोन पुरवठादारांचे संदर्भ मागतात. अर्ज अडकतो तो बहुधा नावावर: नोंदणी एका नावाने, बँक खातं दुसऱ्या, ईमेल तिसऱ्याच. सगळीकडे एकच नाव ठेवा. संदर्भ नसतील तर तसं स्पष्ट लिहा आणि पहिल्या तीन ऑर्डर आगाऊ पैसे भरून घेण्याची तयारी दाखवा. पहिल्याच पत्रात ‘बेस्ट रेट काय?’ विचारू नका. ‘डब्यातल्या मेणबत्तीसाठी सोया मेण, महिन्याला 50 किलो’ असं लिहिलं की दरपत्रक लवकर येतं.

किमान ऑर्डरचा हिशोब कागदावर मांडल्याशिवाय होकार देऊ नये. 25 किलो मेण, त्यात 8 टक्क्यांनी 2 किलो सुगंधी तेल, असं एकूण 27 किलो. 180 ग्रॅमच्या मेणबत्त्या केल्या तर कागदावर 150 नग होतात. काचेचे डबे मात्र ग्रोसने, म्हणजे 144च्या पटीत मिळतात. सहा डब्यांसाठी दुसरा ग्रोस घेतला तर 138 डबे पडून राहतात. एक ग्रोस घेऊन उरलेलं सुगंधी मेण पुढच्या घाण्यात वापरणं केव्हाही बरं. वात, झाकण, खोका यांचंही असंच बघा. पैसा मेणात कमी आणि न वापरलेल्या पॅकिंगमध्ये जास्त अडकतो.

लॉट बदलला की तेच मेण, तीच वात असूनही ज्योत मंदावू शकते, पृष्ठभागावर पांढरी बुरशीसारखी नक्षी उठू शकते. म्हणून नवं पोतं आलं की सगळं वितळवण्याआधी दोन मेणबत्त्या ओतून, मेण पुरतं मुरल्यावर, चार-चार तास जाळून बघा. जुन्या लॉटचं अर्धा किलो मेण नंबर लिहून बाजूला ठेवलेलं असेल तर तक्रार करताना दोन्ही शेजारी ठेवून दाखवता येतं.

सुगंधी तेलाचं खातं उघडताना दोन कागद मागाच: 16 विभागांचं सुरक्षा माहितीपत्रक आणि इफ्रा (आंतरराष्ट्रीय सुगंध संघटना) प्रमाणपत्र, ज्यात ते तेल कुठल्या वस्तूत किती चालतं ते दिलेलं असतं. प्रमाणपत्रात मेणबत्ती 12व्या वर्गात येते, आंघोळीचा साबण 9व्या. मेणबत्तीत चालणारं प्रमाण साबणात चालेलच असं नाही. हे कागद द्यायला जो पुरवठादार टाळाटाळ करतो, तो कितीही स्वस्त असला तरी सोडून द्यावा.

उधारीचं आकर्षण नको तितकं वाढवलं जातं. ‘30 दिवसांत पूर्ण, 10 दिवसांत दिले तर 2 टक्के सूट’ अशी अट असेल तर सूट घ्याच. 100 रुपयांच्या बिलावर ती सोडणं म्हणजे 98 रुपये 20 दिवस जास्त वापरायला 2 रुपये मोजणं. वर्षाच्या हिशोबाने हे सुमारे 37 टक्के व्याज होतं. अर्जात वैयक्तिक हमीचं कलम आहे का तेही वाचा. असेल तर धंद्याची थकबाकी तुमच्या घरच्या पैशांतून वसूल होऊ शकते. अशा वेळी हमी देण्यापेक्षा उधारीची मर्यादा कमी मागावी किंवा रोखीनेच चालवावं.

डबे फुटून आले तर तक्रारीची मुदत अनेकदा दोन-तीन दिवसांचीच असते. माल पोचल्याच्या चलनावर सही करताना ‘माल तपासलेला नाही’ असं लिहा, आणि खोक्याची चिकटपट्टी कापण्याआधी त्याच्या चारही बाजूंचे फोटो काढा. भरपाईचा वाद चालू असेल तर उरलेल्या बिलाचे पैसे वेळेवर भरून फक्त वादातली रक्कम लेखी कळवून राखून ठेवा. अख्खं बिल थांबवलं की सणाच्या तोंडावर खातंच बंद पडतं.